दुपारी २:३१ पर्यंत परत

प्रस्तावना

३१ जानेवारी २०१७. जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा डेटाबेस त्या दिवशी स्पॅमच्या लोंढ्याने बेजार झाला होता. मुख्य सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडत गेला आणि शेवटी नक्कल करणेच थांबले. नेदरलँड्समधला एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत ती नक्कल पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत होता. काही केल्या जमेना, तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवरचे डेटाचे फोल्डर पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी, असे ठरवून त्याने कमांड दिली. एक-दोन सेकंदांतच त्याच्या ध्यानात आले, की ही कमांड दुसऱ्या सर्व्हरवर नाही, मुख्य सर्व्हरवर चालली आहे. त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटापैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

बॅकअप होते की! कागदावर तर एकाहून एक सरस व्यवस्था होत्या. दर २४ तासांनी डेटाबेसची संपूर्ण प्रत निघून ती अ‍ॅमेझॉनच्या साठवणीत जायची. प्रत्यक्षात ती साठवण रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो दररोज सुरू होताक्षणी बंद पडत होता. बंद पडल्याची ईमेलही निघत होती, पण तिच्यावर योग्य सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती दारातूनच परत पाठवत होता. अ‍ॅझुरच्या डिस्क स्नॅपशॉटची सोय फाइल सर्व्हरांसाठी चालू होती, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हती. आणि ज्या नक्कल सर्व्हरच्या भरवशावर हे सगळे चालले होते, त्याचा डेटा तर दुरुस्तीच्या नादात आधीच पुसून झाला होता.

कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी, चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून, हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. संकेतस्थळ त्यावरून उभे राहिले. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती मात्र कायमची गेली. गिटलॅबने या प्रकारावर पांघरूण घातले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, घडल्या प्रकाराच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आणि पुढे सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. त्यामुळेच डेटाबेस शिकणाऱ्यांना हे प्रकरण इतक्या बारकाव्यांसह अभ्यासता येते.

त्या अहवालात सगळ्यात डाचणारी गोष्ट चुकीची कमांड ही नाही. चुकीची कमांड कोणाकडूनही जाते. डाचते ते हे, की बॅकअप ‘घेण्याची’ जबाबदारी अनेक यंत्रणांवर होती आणि तो ‘परत लावून पाहण्याची’ जबाबदारी कोणावरच नव्हती. प्रस्तुत पुस्तक याच दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आहे. बॅकअपचे वेळापत्रक आधी आखायचे आणि रिस्टोअरचे वेळ आल्यावर बघायचे, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. हे पुस्तक उलट्या टोकाकडून निघते. संकट आले आहे, डेटा उडाला आहे, आता कुठल्या क्षणापर्यंत परत जायचे आहे आणि किती वेळात, हे आधी ठरवायचे. मग त्यासाठी हाताशी कोणत्या फाइली असाव्या लागतील, हे आपसूक ठरत जाते.

या दोन प्रश्नांना धंद्यात नावे आहेत. किती वेळाचे काम गेलेले चालेल, हा आरपीओ. किती वेळ बंद राहिलेले चालेल, हा आरटीओ. गाड्यांच्या पासिंगशी त्याचा संबंध नाही, पण खोळंब्याशी जरूर आहे. वाचनालयाच्या सभासद यादीला एक दिवसाचे काम गेलेले परवडेल. बँकेच्या काउंटरला पाच मिनिटांचेही परवडणार नाही. फुल, डिफरन्शियल आणि लॉग असे बॅकअपचे तीन प्रकार वापरात आहेत, ते हे दोन प्रश्न एकाच उपायाने सुटत नाहीत म्हणून.

तिन्हींचे मूळ मात्र एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे लॉग. पेढीवरच्या जुन्या हिशेबात व्यवहार आधी कीर्दीत उतरायचा आणि तिथून खतावणी व्हायची. खतावणीचे पान फाटले तरी कीर्द शाबूत असेल, तर खाते पुन्हा मांडता येत असे. डेटाबेसही याच शिस्तीने चालतो. ग्राहकाच्या खात्यात ५०० रुपये जमा झाले, की त्याची नोंद आधी लॉगमध्ये जाते आणि डिस्कवर पक्की होते. ती पक्की झाल्याशिवाय काउंटरवरच्या स्क्रीनला ‘व्यवहार पूर्ण’ असे उत्तर मिळत नाही. ज्या पानावर त्या खात्याची शिल्लक असते, ते ८ केबीचे पान प्रत्यक्ष डेटाफाइलमध्ये सावकाश, काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी लिहिले जाते. मध्येच वीज गेली तर सर्व्हर सुरू होताना लॉग वाचतो. पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा करतो, अर्धवट राहिलेले मागे घेतो.

हे सांगायला सोपे, पण बिनचूक करायला फार अवघड. सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प झाला. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवहार आणि त्यांची पुनर्प्राप्ती या विषयाची बैठक तिथे घातली. ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये आयबीएमचेच सी. मोहन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली. मोहन मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. आधी लॉग तपासायचा, मग जे घडले ते सगळे क्रमाने पुन्हा घडवायचे आणि शेवटी अपुरे व्यवहार उलट क्रमाने मागे घ्यायचे, असे तिचे तीन टप्पे. आजच्या अनेक मोठ्या डेटाबेसांची पुनर्प्राप्ती याच घडणीची आहे. वीज गेल्यावर दोन मिनिटांत सावरणारी ही यंत्रणाच रिस्टोअरच्या वेळी आठवडाभराच्या जुन्या फाइलीवर चालवली जाते. इतके ध्यानात आले, की पुढचा बराचसा भाग कोड्यासारखा वाटत नाही.

पुस्तकातली उदाहरणे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवरची आहेत, कारण फुल, डिफरन्शियल आणि लॉग ही त्रयी तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांची नावे आणि कमांडी वेगळ्या, तत्त्व तेच. पोस्टग्रेसमध्ये तर बदललेला भाग तेवढा उचलणारा बॅकअप मुळातून आला तो २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत. त्याआधी पूर्ण प्रत आणि लॉग यांवरच भागवावे लागे किंवा बाहेरचे टूल वापरावे लागे.

फुल बॅकअप म्हणजे डेटाबेसमधली वापरात असलेली सगळी पाने. प्रत निघत असताना लोकांचे काम थांबत नाही, म्हणजे सुरुवातीला उचललेले पान आणि शेवटी उचललेले पान वेगवेगळ्या वेळचे असते. ते जुळावे म्हणून फुल बॅकअप त्या काळातला लॉगही सोबत घेतो. म्हणूनच रात्री ११ ला सुरू होऊन १२ ला संपलेला फुल बॅकअप लावला, तर मिळते ती ११ ची स्थिती नसते, साधारण १२ ची असते.

डिफरन्शियलबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. एसक्यूएल सर्व्हर आठ-आठ पानांचा, म्हणजे ६४ केबीचा, एक गट धरतो आणि डेटाफाइलमध्येच ठेवलेल्या एका नकाशात प्रत्येक गटासाठी एक बिट राखतो. गटातले एक अक्षर जरी बदलले तरी त्याचे बिट लागते. डिफरन्शियल बॅकअप ही लागलेली बिटे पाहून तेवढेच गट उचलतो. बिटे पुसली जातात ती पुढच्या फुल बॅकअपला. याचा अर्थ बुधवारच्या डिफरन्शियलमध्ये सोमवार आणि मंगळवारचे बदलही असतात. रिस्टोअर करताना फक्त शेवटचा डिफरन्शियल लागतो, मधले लागत नाहीत. आणि याचमुळे तो दिवसागणिक फुगत जातो. शनिवारी रात्री सगळे इंडेक्स नव्याने बांधायचा जॉब लावला असेल, तर ग्राहकाने एकही व्यवहार केलेला नसताना त्या रात्रीचा डिफरन्शियल फुलच्या बरोबरीला येऊ शकतो. पाने हलली एवढे नकाशाला कळते. का हलली, ते कळत नाही.

लॉग बॅकअप मागच्या लॉग बॅकअपनंतरच्या नोंदी उचलतो. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो. एका फाइलचा शेवटचा क्रमांक आणि पुढच्या फाइलचा पहिला क्रमांक जुळला पाहिजे. मधली एक फाइल हरवली, की त्या फाइलीपुढे जाता येत नाही. नंतरच्या शंभर फाइली धडधाकट असल्या तरी.

हे सगळे एकत्र कसे येते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण नित्याचे उदाहरण पुस्तकभर सोबत राहील. समजा, तालुक्याच्या गावी बारा शाखांची एक पतसंस्था आहे. डेटाबेस ४० जीबीचा. रविवारी रात्री ११ वाजता फुल, बाकीच्या दिवशी रात्री ११ वाजता डिफरन्शियल आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग. गुरुवारी दुपारी २ वाजून ४७ मिनिटांनी डेटाफाइल असलेली डिस्क गेली. लॉगफाइल वेगळ्या डिस्कवर आहे, ती जिवंत आहे.

अशा वेळी पहिला हात बॅकअपच्या फोल्डरकडे जातो, आणि इथेच घोटाळा होतो. पहिले काम रिस्टोअरचे नाही, आणखी एक बॅकअप घेण्याचे आहे. २:४५ च्या लॉग बॅकअपनंतरच्या दोन मिनिटांतले व्यवहार अजून फक्त त्या जिवंत लॉगफाइलमध्ये आहेत. तिला टेल म्हणजे शेपूट म्हणतात. डेटाफाइल गेलेली असली तरी ‘नो ट्रंकेट’ हा पर्याय देऊन ती वाचवता येते. घाईघाईत जुन्या नावावरच रिस्टोअर मारला आणि लॉगफाइल त्याखाली चिरडली गेली, तर ती दोन मिनिटे गेलीच.

मग क्रम लागतो. रविवारचा फुल, बुधवार रात्रीचा डिफरन्शियल, बुधवारी रात्री ११:१५ पासून गुरुवारी दुपारी २:४५ पर्यंतचे ६३ लॉग आणि शेवटी शेपूट. शेवटची पायरी सोडून प्रत्येक पायरीवर ‘नोरिकव्हरी’ असे सांगायचे, म्हणजे सर्व्हर फक्त घडलेले पुन्हा घडवतो, अपुरे व्यवहार मागे घेत नाही. एसक्यूएल सर्व्हर हाताळण्याच्या ‘मॅनेजमेंट स्टुडिओ’ या टूलमध्ये डेटाबेसच्या नावापुढे ‘रिस्टोअरिंग’ अशी पाटी दिसत राहते. नवख्या माणसाला वाटते, अडकले. अडकलेले नसते, पुढच्या फाइलीची वाट पाहत असते. ‘नोरिकव्हरी’ लिहायला विसरले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. काहीच न सांगितल्यास कमांड ‘रिकव्हरी’ गृहीत धरते. डेटाबेस लगेच उघडतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि पुढची फाइल लावायला गेले की ३११७ क्रमांकाची चूक येते. तिथून पुढे वाट नाही. पुन्हा फुलपासून सुरुवात.

डिफरन्शियल नसतेच तर? तरीही शेपटीपर्यंत पोचता आले असते. फक्त रविवार रात्रीपासूनचे ३५१ लॉग एकामागून एक लावावे लागले असते. डिफरन्शियल डेटा वाचवत नाही, वेळ वाचवतो. दोन प्रश्नांपैकी आरपीओची जबाबदारी लॉगवर, आरटीओची बरीचशी डिफरन्शियलवर, आणि दोघांनाही उभे राहायला जमीन फुलची. वेळापत्रक आखताना कुठे काटछाट केल्याने काय जाईल, ते या वाटणीवरून कळते.

आता त्याच गुरुवारचा दुसरा प्रकार. डिस्क ठणठणीत आहे. दुपारी २:३२ ला मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी एका ठेव योजनेचा व्याजदर बदलण्यासाठी अपडेट चालवला आणि ‘व्हेअर’ची ओळ निवडायची राहून गेली. सगळ्याच खात्यांचा दर एक झाला. २:५० ला एका शाखेतून फोन आला, ‘साहेब, सोनेतारणावर ठेवीचा दर दिसतोय.’ इथे शेपूट वाचवून शेवटपर्यंत जाण्यात अर्थ नाही, कारण शेवटी चूकच बसलेली आहे. हवी आहे ती २:३१ ची स्थिती. लॉग बॅकअपचे खरे सामर्थ्य इथे दिसते. तेच फुल, तोच डिफरन्शियल, तेच ६३ लॉग. फक्त २:३० ते २:४५ ची शेवटची फाइल लावताना ‘स्टॉप अ‍ॅट’ असे म्हणून २:३१ ही वेळ द्यायची. त्या क्षणापर्यंत पूर्ण झालेले व्यवहार राहतात, नंतरचे येतच नाहीत.

मात्र हा रिस्टोअर मूळ डेटाबेसवर करायचा नसतो. २:३२ नंतर बारा शाखांत पैसे भरले गेले, काढले गेले. ते व्यवहार खरे आहेत. म्हणून शेजारी वेगळ्या नावाने, वेगळ्या फाइलींवर तो उभा करायचा, व्याजदराचा तेवढा कॉलम तिथून आणायचा आणि बाकीचे चालू ठेवायचे. यासाठी डिस्कवर आणखी ४० जीबी मोकळी जागा लागते. ती आहे का, हा प्रश्न गुरुवारी दुपारी २:५० ला पडू नये.

साखळी तुटण्याची कारणे बहुधा अगदी किरकोळ असतात, आणि चांगल्या हेतूने केलेली. त्यात पहिला मान ‘लॉग भरला’ या तक्रारीला. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर, म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवण्याच्या सेटिंगवर, असेल आणि लॉग बॅकअप घेतले जात नसतील, तर लॉगफाइल वाढत जाते. रोज फुल बॅकअप घेतला तरी ती रिकामी होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. एक दिवस डिस्क भरते, काम थांबते, आणि कोणीतरी मॉडेल लॉग न राखणाऱ्या सिंपलवर नेऊन फाइल श्रिंक करतो, मग परत फुलवर आणतो. काम सुरू होते, सगळे आभार मानतात. साखळी मात्र त्या क्षणी तुटलेली असते. पुढचा फुल किंवा डिफरन्शियल होईपर्यंत लॉग बॅकअपचा जॉब नुसता लाल होत राहतो.

दुसरे कारण पेनड्राइव्हचे. मंगळवारी दुपारी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस येतो, ‘टेस्टिंगला कॉपी हवी’ म्हणून साधा फुल बॅकअप घेतो आणि फाइल घेऊन निघून जातो. नकाशातली बिटे पुसली गेली. आता मंगळवार-बुधवारचे डिफरन्शियल त्या पेनड्राइव्हवरच्या फाइलीवर आधारलेले आहेत, रविवारच्या फुलवर नाहीत. गुरुवारी रविवारचा फुल लावून बुधवारचा डिफरन्शियल लावायला गेले, की ३१३६ क्रमांकाची चूक. अशा प्रतीसाठी ‘कॉपी ओन्ली’ हा पर्याय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. तो वापरला तर बिटांना धक्का लागत नाही. आणि नाही वापरला तरी सगळे संपत नाही, कारण फुल बॅकअपने लॉगची साखळी तुटत नाही. रविवारचा फुल आणि ३५१ लॉग हा लांबचा रस्ता खुला असतो. इतकेच नाही, रविवारचा फुलच खराब निघाला तर त्याआधीच्या रविवारचा फुल आणि दोन आठवड्यांचे लॉग यांवरूनही आजपर्यंत येता येते. म्हणून जुन्या फाइली पुसण्याचा जॉब लावताना हात जरा राखून ठेवावा.

तिसरे कारण किल्लीचे. डेटाबेस डिस्कवर एन्क्रिप्ट केलेला असेल तर बॅकअपही एन्क्रिप्ट होतो. नव्या सर्व्हरवर तो लावताना मूळ प्रमाणपत्र लागते. ते जुन्या सर्व्हरमध्येच राहिले आणि जुना सर्व्हर जळाला, तर हातात असलेल्या फाइली उत्तम स्थितीतल्या पण निरुपयोगी ठरतात.

नक्कल आणि बॅकअप यांतला फरक ज्यांनी मोठी किंमत देऊन जगाला दाखवला, त्यांत मा.ग्नोलिया हे संकेतस्थळ येते. लोक आवडत्या वेबपानांच्या खुणा तिथे साठवत. ३० जानेवारी २००९ रोजी सुमारे अर्ध्या टेराबाइटचा त्याचा डेटाबेस बिघडला. बॅकअपची व्यवस्था फाइली दुसरीकडे सिंक करण्याची होती. तिने बिघडलेल्या फाइली तितक्याच निष्ठेने सिंक केल्या. संकेतस्थळ पूर्वीसारखे पुन्हा उभे राहिले नाही. ताजी नक्कल यंत्र बंद पडण्यापासून वाचवते. ‘व्हेअर’ राहून गेलेला अपडेट मात्र ती क्षणात दुसरीकडेही पोचवते. त्यासाठी मागची वेळ जपून ठेवणारी प्रत लागते.

आणि ती प्रत दुसऱ्या जागी लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांची दोन्ही बाजूंनी गोची झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरात बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात गेली, ८५८ टेराबाइट. आकार फार मोठा म्हणून तिचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता.

उलट बाजूचे उदाहरण दिल्लीतले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्स रुग्णालयावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. नोंदणी, केसपेपर, रिपोर्ट सगळे हाताने लिहायची वेळ आली. सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार एक बॅकअप सर्व्हर या हल्ल्यातून बचावला होता. ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा त्यावरून नव्या सर्व्हरांवर आणला गेला. तरीही बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. डेटा शाबूत असणे आणि रुग्णालय चालू असणे यांत एवढे अंतर पडू शकते.

हे अंतर बरेचदा साध्या भागाकाराचे असते. १ टेराबाइटची फाइल सेकंदाला १०० एमबी या वेगाने हलवायची तर सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि त्यात रिस्टोअर अजून सुरूही झालेला नसतो. गिटलॅबच्या वेळी स्नॅपशॉट हाताशी होता, पण तो होता चाचणीच्या सर्व्हरच्या स्वस्त, संथ डिस्कवर. तिथून डेटा मुख्य सर्व्हरवर न्यायलाच जवळपास १८ तास लागले. बॅकअप कुठे ठेवायचा याचा विचार करताना स्वस्त जागा सगळ्यांना सुचते. तिथून परत आणायचा वेग क्वचितच कोणी मोजतो.

तो मोजण्याचा मार्ग एकच, रिस्टोअर करून पाहणे. ‘व्हेरिफाय ओन्ली’ ही कमांड बॅकअपची फाइल वाचता येते एवढे सांगते. आतला डेटा धड आहे असे ती सांगत नाही. बॅकअप घेतानाच चेकसम लावला तर वाटेत खराब झालेली पाने पकडता येतात. तरी खात्री होते ती वेगळ्या सर्व्हरवर पूर्ण साखळी लावून, डेटाबेस उघडून, त्यावर आतला डेटा तपासणारी ‘चेकडीबी’ ही कमांड चालवल्यावरच. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयटीविषयक निर्देशांत बँकांना हेच बजावले आहे: बॅकअप घ्या आणि तो वापरण्याजोगा आहे का, हे ठरावीक काळाने परत लावून तपासा. महत्त्वाच्या यंत्रणांचा आपत्कालीन सराव किमान सहा महिन्यांनी एकदा करायचा आहे. पतसंस्था, छोटे कारखाने, दवाखाने, शाळा यांच्या मागे असा कोणी निरीक्षक नसतो. तिथे हे काम बहुधा संगणकाचे बघणाऱ्या एकाच माणसाकडे असते, आणि तोच प्रिंटरची शाईही भरतो.

पुस्तकाचा रोख त्या माणसाकडे आहे. त्याच्याकडे पुष्कळदा एसक्यूएल सर्व्हरची मोफत मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती असते. तिच्यात जॉब चालवणारा एजंट नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरकडून बॅकअप कसा घ्यावा यावर स्वतंत्र प्रकरण आहे. शिवाय एक्स्प्रेसमध्ये नवा डेटाबेस तयार केला की तो मुळात सिंपल रिकव्हरी मॉडेलवर असतो. म्हणजे लॉग बॅकअप घेताच येत नाही, आणि २:३१ ला परत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जाता येते ते काल रात्री ११ पर्यंत. हे कित्येकांना डेटा गेल्यावर कळते. दुसऱ्या प्रकरणातली पहिली कृती म्हणूनच आपला डेटाबेस कुठल्या मॉडेलवर आहे, ते पाहण्याची आहे.

प्रकरणांचा क्रम संकटाच्या क्रमाने लावला आहे. आधी शेपूट, मग फुल, डिफरन्शियल आणि लॉग. त्यानंतर वेळ देऊन थांबणे, साखळी कुठे तुटली ते ‘एमएसडीबी’ या सिस्टिम डेटाबेसमधल्या नोंदींवरून शोधणे, दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन आणि प्रमाणपत्रांसह स्थलांतर. बॅकअपचे वेळापत्रक आखण्याचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. तोवर वाचकाने किमान पाचदा डेटाबेस मोडून पुन्हा उभा केलेला असेल. सरावासाठी डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून मोफत मिळते आणि तिच्यात मोठ्या आवृत्तीच्या सगळ्या सोयी असतात. सोबत मायक्रोसॉफ्टचा ‘वाइड वर्ल्ड इम्पोर्टर्स’ हा नमुना डेटाबेस घ्यावा. कार्यालयातल्या चालू सर्व्हरवर यातला कुठलाही प्रयोग करू नये. पहिल्या प्रयोगात सर्व्हिस थांबवून डेटाफाइलचे नाव बदलायचे आहे, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची आहे आणि घड्याळ लावून बसायचे आहे. शेपूट वाचवून शेवटच्या व्यवहारापर्यंत परत यायला किती मिनिटे लागली, ती संख्या समासात लिहून ठेवावी; शेवटच्या प्रकरणातले गणित त्याच आकड्यावर आधारलेले आहे.